मैफली का सोडल्या, तर…

"मॅडम, बासरीच्या मैफली का सोडल्यात?" मिरजेला उरुसात, दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या संगीत सभेला गेले की चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न हातात येतोच. लग्नातही येतो. एकदा तर बँकेत, पासबुक भरताना आला.

उत्तरं माझ्याकडे तयार असतात. पहिलं, विद्यापीठातली नोकरी. ते मलाच पटत नाही. ज्यांनी ३२ इंची बासरी मैफलीत आणून बसवली ते पन्नालाल घोष १९५६ पासून दिल्लीला आकाशवाणीत नोकरीच करत होते. दुसरं, खांदा. तो दुखतो, खोटं नाही. पण तबलजींची बोटं दुखत नाहीत की काय? तिसरं, पूर. "पुरात बासऱ्या गेल्या" म्हटलं की माणसं चुकचुकतात आणि पुढचं विचारत नाहीत. म्हणून हेच जास्त वापरलं.

बासऱ्या गेल्या हे खरं आहे. कशा गेल्या ते कधी सांगितलेलं नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५३ फूट झालं तेव्हा पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सासरे ठाम, "तिसरीच्या वर येत नाही." त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात होडी आली. पोरगा म्हणाला, "बाई, एकच पिशवी घ्या. म्हातारी माणसं हायत."

मी पिशवी घेतली. तिच्यात नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, दोन फायली आणि अंतर्गत गुणांचे तक्ते होते. दिवाणाखालच्या पेटीत सतरा बासऱ्या होत्या. त्यात गुरुजींनी दिलेली पांढरी तीनच्या सुराची.

भांबावले होते, असं मी घरी सांगितलं. नव्हते. उंबऱ्यात उभी राहून पेटीकडे बघितलं मी. फायलींबद्दल मला विभागात कुणीतरी विचारणार होतं, बासरीबद्दल कुणी विचारणार नव्हतं. एवढा साधा हिशोब होता. (फायलींबद्दल आजतागायत कुणी विचारलेलं नाही. बासरीचं तुम्ही बघताच आहात.)

बांबू पाण्यानं मरत नाही, वाळताना मरतो. गुरुजींची बासरी मी धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात ऐकू येईल एवढ्यानं ती तडकली, फुंकेच्या भोकापासून थेट खालपर्यंत. गुरुजींचा फोन आला. "बासऱ्या?" मी म्हटलं, "पाणी फार भराभर चढलं हो." ते म्हणाले, "असू दे, माणसं वाचली ना." पुढच्या वर्षी ते गेले.

पंचविशीतली मी असते तर पेटीच उचलली असती, असं कधी कधी वाटतं. त्या वयात मी सकाळी चारला उठून नुसता मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला, भरायचे. पण तिच्याकडे दुसरं उचलण्यासारखं होतं तरी काय? ना पगार, ना कर्ज, ना कुणाचे गुण. तिनं मला शहाणपण शिकवू नये. आणि तरीही, तिच्यासमोर बसून मारवा राग वाजवायची माझी छाती होत नाही.

नव्या बासऱ्या घेतल्या. वर्गात रोज वाजवते, पोरांना आलाप काढून देते, तास संपला की हजेरी भरते. ते मला आवडतं. हे कुणाला खरं वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही. त्या पूरवर्षीच्या डिसेंबरात एका ठिकाणी वाजवायला बसलेही होते. तानपुरा लागला आणि मनात आलं, ही पिशवी घेऊन होडीत बसलेली बाई. पाऊण तास वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे कुणाला काही कळलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तडकलेलीला मी दोरा गुंडाळलाय. वरचा षड्ज लागतो, मंद्र पंचमाला नुसती हवा येते. परवा एका विद्यार्थिनीनं ती हातात घेऊन विचारलं, "ही कुणाची, मॅडम?"

माझी, म्हटलं.