जमीन विकायला काढली की मग बघा

कोलोराडोत राहायला आल्यापासून एक कोडं मला सुटत नाहीये. इथली माणसं आपल्या डोंगर-जंगलांवर एवढा जीव टाकतात, मग मतदानाच्या दिवशी तो जीव जातो कुठे? म्हणजे कट्टर रिपब्लिकन घ्या नाहीतर कट्टर डेमोक्रॅट, पब्लिक लँडचा, म्हणजे सरकारी मालकीच्या जमिनींचा, विषय निघाला की दोघंही एका सुरात बोलतात, आणि बॅलट हातात आला की दोघंही आपापल्या नेहमीच्या पक्षापुढे खूण करून मोकळे.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकेत साधारण ६४ कोटी एकर जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, म्हणजे देशाच्या पाव भागापेक्षा जास्तच. पण ती सगळीकडे सारखी नाही. न्यूजर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना तिचा पत्ताही नसतो, आणि इकडे नेवाडाची ८० टक्के जमीन सरकारी, युटाची ६० टक्क्यांच्या वर. नॅशनल पार्क सगळ्यांना माहीत असतात, आईबाबा इंडियाहून आले की यलोस्टोन, ग्रँड कॅनियनला नेऊन फोटो काढतोच आपण, पण तो त्यातला लहान तुकडा. मोठा वाटा फॉरेस्ट सर्व्हिसचा आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, ज्याला इथे सगळे बीएलएम म्हणतात. एकट्या बीएलएमकडे साडेचोवीस कोटी एकर आहे. तिथे बहुतेक ठिकाणी ना गेट ना तिकीट, गाडी लावा, तंबू ठोका, साधारण दोन आठवडे फुकट राहा. त्याच जमिनीवर कोणाची गुरं चरतायत, कोणी तेल काढतंय, कोणी हरणाच्या शिकारीला आलंय, कोणी सायकल हाणतंय, आणि या सगळ्यांना ती जमीन 'आपली' वाटते. हे 'आपली' वाटणंच गमतीचं आहे, कारण प्रत्येकाची 'आपली' वेगळी.

लोकांना काय वाटतं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही, कोलोराडो कॉलेज २०११ पासून पश्चिमेतल्या राज्यांत दरवर्षी पोल घेतं. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की एक रिपब्लिकन पोलवाली आणि एक डेमोक्रॅट पोलवाला मिळून तो करतात, त्यामुळे 'तुमच्याच माणसांनी काढलेले आकडे' असं कोणाला म्हणता येत नाही. २०२५ मध्ये विचारलं की तुमच्या खासदाराने सरकारी जमिनीवर भर कशावर द्यावा, पाणी-हवा-वन्यजीव-फिरणं जपण्यावर की तेल-गॅस-कोळसा जास्तीत जास्त काढण्यावर, तर ७२ टक्के लोकांनी जपण्यावर म्हटलं. आणि लक्षात घ्या, ही आठ राज्यं म्हणजे आयडाहो, वायोमिंग, युटा, माँटाना वगैरे, डेमोक्रॅटांचे बालेकिल्ले नाहीत. ज्या वायोमिंगने ट्रंपला दणदणीत मतं दिली त्याच वायोमिंगचाही हा पोल आहे.

मग एवढी मतं एका बाजूला असताना तसेच लोक निवडून यायला हवेत ना? येत नाहीत. निदान त्या कारणासाठी तरी येत नाहीत.

२०२० चं उदाहरण घ्या, मला हे फार बोलकं वाटतं. त्या वर्षी ४ ऑगस्टला ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्टवर सही झाली. जमिनी विकत घेऊन राखण्यासाठीच्या फंडाला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे, आणि पार्कांच्या रखडलेल्या दुरुस्त्यांना पाच वर्षांत साडेनऊशे कोटी. खरंच मोठा कायदा. तो पुढे रेटणारे दोन रिपब्लिकन सिनेटर होते, आमच्या कोलोराडोचे कोरी गार्डनर आणि माँटानाचे स्टीव्ह डेन्स, आणि दोघांचीही सीट त्याच नोव्हेंबरला पणाला लागली होती. दोघांनी प्रचारात डोंगर दाखवले, नद्या दाखवल्या, 'हे मी केलं' म्हणून सांगितलं. निकाल काय, गार्डनर डेमोक्रॅट हिकनलूपरकडून आरामात हरले आणि डेन्स तितक्याच आरामात जिंकले. कायदा तोच, जाहिराती जवळपास त्याच. फरक एवढाच की कोलोराडोत बायडन जिंकले आणि माँटानात ट्रंप. वरच्या नावाला ज्या पक्षाचं मत पडलं, खालच्या नावालाही त्याच पक्षाचं पडलं, डोंगर राहिले बाजूला.

चार वर्षांनी माँटानात त्याहून मजेशीर झालं. जॉन टेस्टर, शेतकरी माणूस, डेमोक्रॅट असून तीन वेळा तिथून सिनेटवर गेलेला, पब्लिक लँड हा त्याचा हक्काचा मुद्दा. समोर टिम शीही, जो आधी एका पॉडकास्टवर बोलून बसला होता की यातल्या काही जमिनी राज्यांकडे किंवा काउंटीकडे द्याव्यात. माँटानात असं बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारी बंद करा म्हणण्यासारखं आहे, आणि टेस्टरने ते वाक्य पकडून पकडून दाखवलं. शीहीने नंतर शब्द फिरवले. तरी टेस्टर हरलाच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की म्हणजे हे पोल-बिल सगळं बोलाचीच कढी. मलाही एक काळ तसंच वाटायचं, पण २०२५ चा जून बघितल्यावर वाटतं की मुद्दा वेगळाच आहे.

झालं काय, ट्रंपचं ते भलंमोठं बजेट बिल चालू होतं. आधी मे महिन्यात हाउसमध्ये कमिटीच्या रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीत नेवाडा आणि युटातली काही लाख एकर जमीन विकायची दुरुस्ती घुसवली, ती रायन झिंकी या माँटानाच्याच रिपब्लिकन खासदाराने अडून बसून काढायला लावली (हा माणूस ट्रंपच्या पहिल्या सरकारात बीएलएम ज्याच्याकडे आहे त्या इंटीरियर खात्याचा मंत्री होता, म्हणजे काही झाडाला मिठी मारणारा नव्हे). मग सिनेटमध्ये युटाचे माइक ली यांनी तीच गोष्ट मोठी करून आणली, ११ राज्यांत मिळून वीस ते तेहतीस लाख एकरांपर्यंत विक्री, कारण काय तर घरं बांधायला जागा हवी. आणि माँटानाला त्यातून मुद्दाम वगळलं, म्हणजे तिथल्या सिनेटरांनी गप्प बसावं. यावरूनच कळतं की कोणाला कशाची भीती होती.

मग वाइल्डरनेस सोसायटी या जंगलं राखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने एक नकाशा काढला. विक्रीला पात्र ठरू शकेल अशी जमीन किती, तर २५ कोटी एकर. विकायची त्यातली थोडीशीच होती, पण कोणती ते ठरलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकजण त्या नकाशावर झूम करून आपला ट्रेल, आपला तळ्याकाठ, आपली शिकारीची जागा शोधायला लागला. माझ्या मते सगळी जादू त्या झूममध्ये होती. 'पर्यावरण वाचवा' म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि पुढे स्क्रोल करतो, पण बाबा-आजोबांबरोबर जिथे पहिला एल्क मारला ती दरी पिवळ्या रंगात रंगवलेली दिसली की त्याच्या डोक्याची शीर तडकते. आमच्या शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ आहेत, ट्रकवर ट्रंपचा स्टिकर, दर ऑक्टोबरला शिकारीला जाणार म्हणजे जाणार. त्यांनी आयुष्यात कधी कुठल्या नेत्याच्या ऑफिसला फोन केला नव्हता म्हणे, पण त्या आठवड्यात स्वतः तर केलाच, वर आयडाहोतल्या भावालाही करायला लावला. दोघांनीही मत दिलं होतं ते ट्रंपलाच, आणि उद्या परत वेळ आली तरी तिथेच देतील, असं त्यांनीच मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं, काहीही ओशाळं न वाटता.

पुढचं झपाझप झालं. सिनेटच्या पार्लमेंटेरियनने (नियमांचा अर्थ लावणारा अधिकारी) ती तरतूद नियमात बसत नाही म्हणून उडवली, ली यांनी छोटी करून परत आणायचा प्रयत्न केला, पण आयडाहोचे दोन्ही आणि माँटानाचे दोन्ही रिपब्लिकन सिनेटर विरोधात उभे राहिले आणि २८ जूनला ली यांनी ती मागे घेतली. माँटानाच्या त्या दोघांतला एक कोण, तर तोच टिम शीही! जमिनी राज्यांना द्या म्हणणारा निवडून आला, पण निवडून आल्यावर विकायला हात पुढे करायची त्याची छाती नाही झाली.

२०१७ लाही हेच. युटाचेच जेसन चॅफेट्झ यांनी ३३ लाख एकर विकायचं बिल आणलं, शिकारी लोकांनी असा काही गोंधळ घातला की दोन आठवड्यांच्या आत त्यांनी शिकारीच्या कपड्यांत, कुत्र्याला घेऊन काढलेला फोटो इन्स्टाग्रामवर टाकून बिल मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

तर माझं म्हणणं असं आहे की हे जनमत कोणाला निवडून आणत नाही, पण निवडून आलेल्याचा हात धरू शकतं. त्याचा उपयोग ब्रेकसारखा होतो, स्टिअरिंगसारखा नाही. आणि कारणही उघड आहे. कुठलाच उमेदवार 'मी जमीन विकणार' असं पोस्टरवर लिहीत नाही, सगळे गळ टाकून मासे धरतानाचे फोटो छापतात, मग मतदाराला दोघांत फरक दिसणार कसा? उरतात महागाई, गर्भपात, बॉर्डर, बंदुका, आणि त्यावर मत पडतं.

मात्र मधला उमेदवार काढून टाका आणि जमिनीचा प्रश्न सरळ बॅलटवर लिहा, मग हीच माणसं खिशात हात घालतात. बोल्डरने १९६७ साली मतदान करून स्वतःवर सेल्स टॅक्स लावून घेतला, मोकळ्या जमिनी विकत घ्यायला. आमच्या लॅरिमर काउंटीत १९९५ पासून शंभर डॉलरच्या खरेदीमागे २५ सेंट याच कामाला जातात, आणि २०१४ मध्ये लोकांनी तो टॅक्स मुदत संपायच्या आधीच २०४३ पर्यंत वाढवून दिला. टॅक्स! अमेरिकेत! १९९२ ची गोष्ट तर मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. त्या नोव्हेंबरला कोलोराडोच्या मतदारांनी टेबर नावाची घटनादुरुस्ती पास केली, म्हणजे यापुढे आम्हाला विचारल्याशिवाय सरकारने एक पैसा टॅक्स वाढवायचा नाही, आणि त्याच दिवशी, त्याच बॅलटवर, लॉटरीचा पैसा पार्क आणि मोकळ्या जमिनींसाठी राखून ठेवायची दुरुस्तीही पास केली. सरकारवर भरवसा नाही पण डोंगरासाठी पैसे घे, असा हा हिशोब.

एकदा मात्र इथे नेतेही पडलेत, ते सांगायलाच हवं. १९७२ साल. वेन ॲस्पिनॉल हे पश्चिम कोलोराडोचे जुने खासदार, जमिनी-धरणं-खाणी ज्या कमिटीकडे असतात तिचे चेअरमन, वर्षानुवर्षं पर्यावरणवाल्यांना जुमानत नव्हते. त्यांच्या मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, नवीन मतदार आले, आणि ते डेमोक्रॅटिक प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच, ॲलन मर्सन यांच्याकडून हरले. त्याच वर्षी डेन्व्हरला मिळालेलं १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक मतदारांनी पैसे नाकारून परत पाठवलं, खर्च आणि डोंगरांची लागणारी वाट या दोन्ही कारणांनी, आणि त्या विरोधातला पुढारी डिक लॅम दोन वर्षांत गव्हर्नर झाला. (मर्सन पुढे नोव्हेंबरला रिपब्लिकनाकडून हरले, ते जाऊ दे.) पण तेव्हा लोक पक्ष ओलांडून मत द्यायचे, आता तसं करणारे फार कमी उरलेत.

आपल्याकडे वेगळं आहे असं म्हणू नका. २०१९ च्या ऑक्टोबरात आरेत रातोरात झाडं पाडली, दोन हजारांवर, अख्खी मुंबई चिडलेली, कोर्ट, अटका, टीव्ही, सगळं. दोन आठवड्यांनी विधानसभेचं मतदान आणि मुंबईतल्या ३६ पैकी ३० जागा सत्तेतल्या युतीलाच. त्यातही शिवसेना सत्तेत असून कारशेडच्या विरोधात बोलत होती, म्हणजे चिडलेल्याने मत द्यायचं कोणाला हाही प्रश्नच.

आता मला खरी काळजी ब्रेकच्या दुसऱ्या अंगाची आहे. तो फक्त 'विकणे' या शब्दाला लागतो. २०२५ च्या त्याच जूनमध्ये, लोक ली यांच्या नावाने बोटं मोडत असताना, फॉरेस्ट सर्व्हिस ज्याच्याकडे आहे त्या कृषी खात्याने २००१ चा रोडलेस नियम रद्द करणार असल्याचं जाहीर केलं. नॅशनल फॉरेस्टमधल्या ज्या भागात रस्ते नाहीत तिथे नवे रस्ते आणि लाकूडतोड करायला त्या नियमाने आडकाठी होती, साडेचार कोटी एकरांच्या आसपासचा मामला आहे. मालकी बदलत नाही, विक्री नाही, त्यामुळे झूम करून बघावा असा नकाशा व्हॉट्सॲपवर फिरत नाही. फॉरेस्ट सर्व्हिसमधले हजारो लोक काढले त्याचंही तसंच, थोडे दिवस बातम्या आल्या आणि थंड.

मी शेजाऱ्यांना या रोडलेसबद्दल सांगायला गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, 'कोलोराडोला लागू आहे का?' म्हटलं नाही, आपला वेगळा नियम आहे २०१२ चा, तो तसाच राहणार. 'मग ठीक,' म्हणाले आणि गवत कापायला लागले. आयडाहोचाही वेगळा नियम आहे, म्हणजे भावाकडूनही फोन जाणार नाही.