वीज गेली तेव्हा ॲनोडचे काय झाले

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या प्रयोगशाळेत न झिजणाऱ्या ॲनोडच्या, म्हणजे द्रवात वीज सोडणाऱ्या धन टोकाच्या, चाचण्या चालतात. ॲल्युमिनिअम काढण्याच्या १८८६ पासून चालत आलेल्या पद्धतीत टनामागे ४०० किलोहून अधिक कार्बन ॲनोड खर्ची पडतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्याऐवजी ऑक्सिजन सोडणारा ॲनोड हवा असेल, तर सुमारे ९६० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या फ्लोराइड क्षारात तग धरणारा पदार्थ शोधावा लागतो. आणि क्रायोलाइट तर ऑक्साइड विरघळवतो म्हणूनच वापरात आहे.

त्या दुपारी मुशीत निकेल फेराइट (निकेल आणि लोहाचे ऑक्साइड) आणि तांबे यांचा नमुना सोडलेला होता. प्रवाह स्थिर होता, व्होल्टेजचा आलेख सरळ चालला होता. तेवढ्यात वीज गेली. भट्टी जनरेटरवर आली, पण ॲनोडला एकदिश प्रवाह पुरवणाऱ्या रेक्टिफायरची जोडणी त्यावर नव्हती.

"साहेब, भट्टी तापलीय, पण करंट न्हाई. ॲनोड वर घेऊ का?" भट्टीवरच्या मामांनी विचारले.

एकदम बाहेर काढला तर असला ठिसूळ पदार्थ तापमानाच्या धक्क्याने तडकतो, हे आम्हांला ठाऊक होते. शिवाय खऱ्या कारखान्यात वीज गेल्यावर ओळीने मांडलेल्या भांड्यांतील सगळे ॲनोड कोण उचलणार? "राहू द्या, मामा," मी म्हणालो. वीज परत येईपर्यंत नमुना तसाच बुडून राहिला.

थंड झाल्यावर तो वरून धडधाकट दिसत होता. खालचे कोपरे तेवढे बोथट झाले होते. हिऱ्याच्या चकतीने उभा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा बुडालेल्या कडेलगत स्पंजासारखा सच्छिद्र पट्टा दिसला आणि त्यात धातूचे चकचकीत ठिपके. पूर्वीच्या, प्रवाह न तुटलेल्या नमुन्यात असा पट्टा नव्हता. प्रवाह चालू असताना ॲनोडवर ऑक्सिजन तयार होत राहतो आणि पृष्ठभाग ऑक्साइड म्हणूनच टिकतो. प्रवाह थांबला की तळाच्या ॲल्युमिनिअममधून द्रवात मिसळलेला अंश फेराइटमधील ऑक्सिजन ओढून घेतो. मुशीतल्या ॲल्युमिनिअमच्या गोळीतही निकेल आणि लोहाचे प्रमाण वाढलेले निघाले, म्हणजे ॲनोडचा काही भाग थेट मालात उतरला होता.

माझ्या मते टिकाऊपणाचे दावे बहुधा अखंड प्रवाहातील तासांवर केले जातात, आणि तिथेच गफलत होते. कार्बनची झीज मोठी असली, तरी असल्या खंडाने त्याचे फारसे बिघडत नाही. आता आमच्या चाचणीपत्रकात मध्येच प्रवाह तोडण्याचा टप्पा ठरवून घातला आहे, आणि पुढचा तांबे-निकेल-लोह मिश्रधातूचा नमुना त्यातूनच जाणार आहे.