वेळेच्या शेजारी शुगर: दहा किलोमीटरची नोंदवही

झाले एकदाचे १० किलोमीटर सव्वा तासाच्या आत. १ तास १३ मिनिटं ४० सेकंद. मधुमेहाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला आपल्याकडं जी रन-वॉक झाली, तिच्यातच हे जमवायचं असं जुलैपासून डोक्यात होतं. पण खरं सांगायचं तर वहीतला वेळेचा रकाना आता मी नंतर बघतो. आधी बघतो शुगरचा.

नव्यांसाठी थोडक्यात: वय ५३, राहणं बेळगावातलं वडगाव, टाइप २ मधुमेह सहा वर्षं, गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. जुलैत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ८.१ होतं आणि १० किलोमीटरला १ तास २८ मिनिटं, त्यातही पळणं कमी, चालणंच जास्त.

जुलै-ऑगस्टबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. व्हॅक्सिन डेपोत झाडांखाली फेऱ्या मारायच्या, घरी येऊन बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं.

सप्टेंबरात उघडीप मिळाली तसा येळ्ळूरगडाचा चढ घेतला. पायथ्याला शुगर १३८. जीव तोडून वर गेलो, बुरुजापाशी बसून बोट टोचलं तर १७१! म्हटलं यंत्र बिघडलं. दुसरं बोट टोचलं, १६८. पोटात तर सकाळपासून दोन बदामांशिवाय काही नव्हतं. घाम गाळून शुगर वाढते म्हणजे काय?

डॉक्टरांनी हसत सांगितलं. फार जोर लावला की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि यकृत आपल्याकडची साठवलेली साखर रक्तात सोडतं. तेवढ्यापुरता आकडा चढतो, मागाहून उतरतो. उलट बोलता-बोलता पळता येईल अशा चालीत स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात, आणि त्या कामात त्यांना इन्सुलिनचीच वाट बघावी लागते असं नाही. पुढच्या रविवारी सपाटीला ५० मिनिटं रमतगमत पळून बघितलं: आधी १४२, नंतर १०९. तेव्हापासून गड पंधरवड्यातून एकदाच.

ऑक्टोबरात वर्गणी. किलोमीटरमागं कुणी १० रुपये, कुणी २०. शहापुरातला आमचा मिठाईवाला मित्र गल्ल्यावरून उठलाच नाही. म्हणाला, "माझंच गिऱ्हाईक तोडायला माझ्याकडनंच पैसे? आणि संशोधन कशाला की रे? त्यापेक्षा गरिबाला गोळ्या वाटा."

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. गोळ्या वाटायलाच पाहिजेत. पण गोळी आधी कुणीतरी शोधावी लागते. त्याला इन्सुलिनची गोष्ट सांगितली. १९२१ साली कॅनडात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट हे दोघे संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते नीट लागू पडलं नाही, उलट त्याची ॲलर्जी उठली. त्यांच्या जोडीच्या कॉलिप ह्या संशोधकानं अर्क आणखी शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दिलेल्या दुसऱ्यानं पोराची शुगर उतरली. त्याआधी टाइप १ (अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो मधुमेह) झालेल्या लेकरांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. आणि पेटंट? विद्यापीठाला दिलं, एकेका डॉलरला. १४ नोव्हेंबर मधुमेह दिन म्हणून पाळतात तो बँटिंगचा वाढदिवस.

मित्र ऐकून घेतो, पण हिशेब सोडत नाही. "एक डॉलर? आणि आता इन्सुलिन एवढं महाग कसं?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. किलोमीटरमागं ५० रुपये मात्र त्यानं लिहिले.

आता चूक. शर्यतीच्या आधीचा रविवार, येळ्ळूर रस्ता, ९ किलोमीटर. सुगी चाललेली, रस्त्याच्या कडेला भाताच्या पेंढ्या, बासमतीचा वास. आदल्या रात्री जेवण कमी, सकाळी गोळी घेतली आणि नाश्ता "आल्यावर करू" म्हणून ठेवला. ग्लुकोजची पुडी दुसऱ्या पँटच्या खिशात. सातव्या किलोमीटरला मानेवर गार घाम आला. मला वाटलं वारं आहे. मग घड्याळातला आकडा वाचता येईना. वाचत होतो, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. बांधावर बसलो, पट्टी यंत्रात घालायला तीन वेळा हात चुकला. ६४. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर फारच उतरलेली.

खळ्यावरच्या मावशींनी लांबनंच विचारलं, "काय ओ, पाठीमागं कोण लागलंय काय?" मी नुसता हात हलवला. त्या जवळ आल्या, तोंड बघितलं आणि काही न विचारता गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला. १५ मिनिटांनी ९२. मग चहा, चपाती, आणि त्यांच्या मुलाच्या ट्रॅक्टरवर बसून वडगाव. त्या दिवसाची वेळ वहीत नाही. रकान्यात "ट्रॅक्टर" लिहिलंय.

पोटात काही नसलं तरी शुगर खाली ओढणारी गोळी ती ग्लिमेपिराइड. डॉक्टरांनी ती कमी केली. तुमच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं बघून काही करू नका.

शर्यत. पहाटे चांगलीच थंडी. निघण्याआधी एक केळं, शुगर १४६, पुडी कमरेच्या पाऊचमध्ये (बायकोनं स्वतः तपासून). काँग्रेस रोडनं तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला जाऊन परत, दोन फेऱ्या. चालणाऱ्यांची गर्दी पळणाऱ्यांपेक्षा जास्त, त्यात नऊवारीतल्या आज्ज्या आणि शाळेची पोरं. पहिल्या फेरीत एका तरुणाच्या मागं लागून चाल वाढवली, मग गड आठवला आणि सोडून दिलं. सहाव्या किलोमीटरला थांबून टोचलं, १२१. ह्यात ४० सेकंद गेले. चालतंय.

शेवटच्या रेषेपाशी एका स्वयंसेवकानं दंड धरून कानडीत म्हटलं, "साकु री, कुंद्री." पुरे, बसा. थकलेल्या कानाला ऐकू आलं "कुंदा घ्या", म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई. मी म्हटलं, "नको ओ, शुगर आहे." तो बिचारा बघतच राहिला.

शेवटी शुगर ११२. वर्गणी सगळी धरून ९,४०० रुपये जमले, पावत्या वाटून झाल्या. गेल्या आठवड्यात एचबीए१सी केलं: ६.९.

मिठाईवाला संध्याकाळी घरी आला. ५०० रुपये पाकिटात, आणि सत्काराला म्हणून अर्धा किलो कुंदा. डबा फ्रीजमध्ये आहे. झाकणावर बायकोनं चिकटपट्टी लावून तारीख लिहिलीय.