‘नका’ गिळणारा वॉकी-टॉकी

१२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्या ढोकाळीच्या सोसायटीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. आत मोबाइलला रेंज नाही, इंटरकॉम मुका. वॉचमन जिन्यातून ओरडत वर-खाली पळत होते. वॉकी-टॉकी घ्यायचे, हे कमिटीत त्याच आठवड्यात ठरलं. घ्यायला दोन पावसाळे गेले. सोसायटीची कामं अशीच होतात.

खरेदी माझ्या गळ्यात. ऑनलाइन पाच वॅटची जोडी स्वस्तात दिसली, खाली ठळक अक्षरांत ‘लायसन्सची गरज नाही’. मागवली. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असलेल्या मित्राने खोका बघताच विचारलं, “फ्रीक्वेन्सी किती?” बिनपरवाना मुभा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, तीही कमी पॉवरच्या सेटला, आणि त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण-मंजुरी, हवी. आमचा सेट वाटेल तिथे ट्यून होत होता. मुकाट्याने परत केला आणि अर्ध्या वॅटचे, मंजुरीवाले चार आणले.

गच्चीवरून मेन गेटपर्यंत आवाज खणखणीत. दुसऱ्या बेसमेंटच्या पंपरूममध्ये नुसती खरखर. दोन स्लॅबपुढे अर्धा वॅट काय करणार? शेवटी रॅम्पच्या तोंडाशी एक माणूस उभा केला, खालचं ऐकून वर सांगायला. पहिल्या चॅनलवर शेजारच्या बांधकामाचा “मिक्सर आला का?” ऐकू यायचा, म्हणून चॅनल बदलला.

खरी पंचाईत बोलण्यात झाली. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द जातो, लवकर सोडलं की शेवटचा. सरावात खालून वॉचमनकाका म्हणाले, “लिफ्ट चालू करू नका.” वर पोचलं, “लिफ्ट चालू करू.” नशीब, सरावच होता. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आता आमच्याकडे ‘नका’ बंद. “लिफ्ट बंद ठेवा” म्हणायचं, समोरच्याने तेच परत बोलून दाखवायचं. आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं; काकांना सुरुवातीला त्याची लाज वाटायची. हल्ली ते चहा सांगतानाही म्हणतात.

गेल्या जुलैत भरतीच्या वेळी धो धो कोसळला, तेव्हा पंपरूममधून दर पंधरा मिनिटांनी “पाणी दुसऱ्या पायरीवर, ओव्हर” येत राहिलं. तिसरी पायरी बुडायच्या आत गाड्या वर निघाल्या.

दर रविवारचं चार्जिंग मात्र माझ्याच घरी. केबिनमधून दोन चार्जर आधीच गायब झालेत.