भांग तीच, गिलास तोच, मग वहिनीलेच काऊन?

मागच्या महाशिवरात्रीची गोष्ट आहे पण अजून मनातून जात नाही. मंदिरातून भांगेची थंडाई आली, भाऊ अन् वहिनी दोघंही एकेक गिलास प्यायले, तासभर काहीच नाही, मग जी चढली! भाऊ साबुदाण्याच्या उसळीवर तुटून पडला, तीनदा वाढून घेतली त्यानं, आणि वहिनी मात्र भिंतीला टेकून बसलेली, हातपाय गार, छातीत धडधड, "ताई वो, मी वाचत नाही आता" एवढंच म्हणे. रात्रभर तिचा हात धरून बसले मी. आणि ओसरीवरचे लोक काय म्हणत होते, तर "बाईमाणसाले झेपते काय हे."

हे मला फार लागलं. म्हणून वाचायला बसले.

भांगेत नशा आणणारं जे द्रव्य असतं ते टीएचसी, भांग पोटात गेली की लिव्हरमध्ये त्याचं आणखी जोरदार रसायन बनतं, म्हणून ती उशिरा चढते आणि लवकर उतरत नाही, हे दोघांनाही लागू. पण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत रेबेका क्राफ्ट यांनी उंदरांवर काम केलं, २०१४ मध्ये छापून आलं, त्यात टीएचसीनं दुखणं दबण्याचा परिणाम माद्यांवर सुमारे ३० टक्के जास्त दिसला, आणि तो इस्ट्रोजेनच्या चढउताराबरोबर बदलतो, म्हणजे पाळीच्या चक्राशी संबंध आला. सवयही माद्यांना लवकर लागते, तेवढ्याच परिणामाला मग जास्त मात्रा लागते. नरांवर जास्त होणारा परिणाम एकच, भूक! मला लगेच भावाचं ताट आठवलं.

उंदरांचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागत नाही, मान्य. पण झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीचं बघा ना, ती बायकांच्या शरीरातून हळू निघते, तरी कितीतरी वर्षं बायका पुरुषांचाच डोस घेत होत्या, २०१३ मध्ये अमेरिकेत १० मिलिग्रॅमचा ५ केला तेव्हा कुठं. बरीच वर्षं प्रयोगच नरांवर केले गेले, मग बायकांचं कळणार कसं?

वहिनीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे मी नाजूक नव्हतो ना ताई?"

नव्हती गं.

मग तिनंच विचारलं, शेजारची सून अंगावर पाजते, तिनं घेतली तर? टीएचसी आईच्या दुधात उतरतं, हे पक्कं आहे. यंदा थंडाईचे दोन गंज राहतील आमच्याकडं, बिनभांगेचा वहिनी स्वतः वाटणार आहे.