एका ओळीचा पॅच

लिनक्स या सगळ्यांना खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, माझी एक ओळ आहे. एकच. ती वाचून कुणाला काही बोध होणार नाही: दोन आकडे, एक कंस, शेवटी स्वल्पविराम. पण त्या ओळीवाचून राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं काम अडलं होतं.

आमची कंपनी छोटी, शिरोली एमआयडीसीतली. दूध संकलन केंद्रांना लागणारी यंत्रणा आम्ही बनवतो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येतात. काटा लिटर सांगतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) सांगतं. आमचा डबा हे सगळं गोळा करून दर लावतो, पावती छापतो, दूध घालणाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवतो आणि नंतर सगळा हिशेब संघाच्या सर्व्हरवर चढवतो. डब्यात एक छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स आणि यूएसबीला लावलेला ४जी मॉडेम.

त्या दिवशी सकाळी संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, काटा चालू हाय, फॅट चालू हाय, पावत्या निघाल्या. पर मेसेज कुणालाच न्हाई. बायका इचारायला लागल्यात, आमचं दूध मांडलं का न्हाई. परवा बिल हाय. काय सांगू त्यास्नी?"

दहा दिवसांच्या बिलाच्या तोंडावर मेसेज बंद होणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. पावती हातात असते, पण पूर्वी वहीत मांडामांड कशी व्हायची हे लोक विसरलेले नाहीत. मेसेज आला म्हणजे दूध लागलं, असा आता हिशेब झाला आहे.

डबा आदल्याच दिवशी बदललेला होता, जुना विजेच्या झटक्यात गेला म्हणून. नव्या डब्यातला मॉडेम पुरवठादाराच्या नव्या लॉटमधला. बाहेरून अगदी तोच, नाव तेच, किंमत तीच. मी गाडी काढली, लॅपटॉप घेतला आणि संस्थेत जाऊन सेक्रेटरींच्या टेबलाशी बसलो. डब्यात लॉगिन करून यूएसबीची यादी काढली तर मॉडेम दिसत होता. कर्नेलच्या नोंदींतही 'नवं उपकरण सापडलं' असं होतं. त्याच्या पुढची ओळ मात्र नव्हती. एरवी मॉडेम लावला की टीटीवाययूएसबी शून्य, एक, दोन अशी पोर्टं, म्हणजे मॉडेमशी बोलायची दारं, तयार होतात. आमचं सॉफ्टवेअर त्यांतल्या एकावर एटी कमांड, म्हणजे मॉडेमला द्यायच्या ठरलेल्या आज्ञा, देऊन मेसेज पाठवतं आणि दुसऱ्यावर जुन्या पीपीपी पद्धतीनं इंटरनेट जोडतं. इथे एकही पोर्ट नव्हतं.

प्रत्येक यूएसबी उपकरणाला दोन क्रमांक असतात, एक बनवणाऱ्याचा, दुसरा मालाचा. दोन्ही हेक्साडेसिमल या सोळा अंकांच्या पद्धतीत चार-चार अंकी. अशा मॉडेमसाठी लिनक्समध्ये 'ऑप्शन' नावाचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, आहे. ऑप्शन ही बेल्जियमची कंपनी; तिच्या कार्डांसाठी २००५च्या सुमारास तो लिहिला गेला, म्हणून ते नाव. आज त्यात शेकडो मॉडेमचे क्रमांक एका लांबलचक तक्त्यात मांडलेले आहेत. मतदार यादीसारखंच: नाव असेल तर आत, नाहीतर तुम्ही याच गावचे असलात तरी बाहेर. आमच्या नव्या मॉडेमचा कंपनी क्रमांक तक्त्यात होता, मालाचा क्रमांक नव्हता. आतली चिप तीच असावी, पण फर्मवेअर, म्हणजे मॉडेमच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलताना बनवणाऱ्यानं क्रमांकही बदलला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

यावर तात्पुरता उपाय आहे. चालू कर्नेलला ड्रायव्हरच्या 'न्यू आयडी' या फाइलीत ते दोन क्रमांक लिहून सांगता येतं, की हा पण तुझाच. लिहिले. पोर्टं आली. सकाळचे अडकलेले मेसेज एकामागून एक सुटले, आणि बाहेर कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांच्या खिशात मोबाइल वाजला. सेक्रेटरींनी चहा सांगितला.

बहुतेक लोक इथेच थांबतात. डबा सुरू होताना ते क्रमांक लिहिणारी छोटी स्क्रिप्ट टाकायची की झालं. मीही टाकली, कारण वीज गेली की कर्नेल हे सगळं विसरतो आणि राधानगरीच्या पावसात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. पण हा उपाय आडदांड आहे. मॉडेमच्या आत पाच वेगळे भाग असतात, त्यांतला एक नेटवर्क कार्डासारखा वागतो आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा. न्यू आयडीनं सांगितलं की ऑप्शन तोही भाग बळकावून बसतो. शिवाय हा लॉट आता सगळीकडे जाणार होता. दर वेळी स्क्रिप्ट आपण सांभाळायची, दर नव्या कर्नेलवर आपणच तपासायची.

कर्नेलच्या तक्त्यातच हा क्रमांक घालू या, असं मी आमच्या मालकांना म्हणालो. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही रास्त. "आपला वेळ घालवून हे आपण फुकट का द्यायचं? आणि आपल्या शेजारचा तोच मॉडेम वापरतो, त्याचं आयतं काम होईल त्याचं काय?" दुसऱ्याचं उत्तर 'हो, होईल' एवढंच होतं. पहिल्याचं उत्तर असं, की आज आपण जो लिनक्स डब्यात घालतो त्यात हजारो लोकांच्या ओळी आहेत आणि त्यांतल्या एकीचेही पैसे आपण दिलेले नाहीत. हे त्यांना फारसं भिडलं नाही. स्क्रिप्ट कायमची सांभाळायला माझे किती तास जातील हे सांगितल्यावर मात्र भिडलं. 'करा' म्हणाले.

ही परवानगी लागतेच. कर्नेलला पॅच, म्हणजे कोडमधला नेमका बदल, पाठवताना खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी आपल्या नावाची ओळ लिहावी लागते. एससीओ या कंपनीनं २००३ साली आयबीएमवर दावा लावला, की लिनक्समध्ये आमचा कोड घातला गेला आहे. त्यानंतर, २००४ पासून, ही ओळ आली. तिचा अर्थ, हा कोड लिनक्सच्या खुल्या परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे. नोकरदार माणसाच्या कामाचा हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे असतो, म्हणून मालकाला न विचारता ती ओळ लिहू नये.

मग खरं काम. ओळ लिहायला पाच मिनिटं पुरली. तक्त्यात क्रमांकानुसार तिची जागा शोधली आणि बसवली. पण आमच्या मॉडेमचे पाच भाग कोणते, कोणता कशासाठी, हे ओळ पाहून कुणाला कळणार? ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याच्या, म्हणजे आलेले पॅच तपासून घेणाऱ्याच्या, हातात हा मॉडेम नाही, कधी येणारही नाही. त्याला आमच्या शब्दावर भरवसा ठेवायचा असतो. म्हणून ऑफिसात बसून एकेक पोर्ट उघडून पाहिलं. शून्य क्रमांकाचा भाग काहीच बोलेना, तो निदानाचा. एकवर जीपीएसची वाक्यं आपोआप वाहत होती. दोन आणि तीनवर 'एटी' पाठवलं की 'ओके' येत होतं. दोन कमांडसाठी, तीन मॉडेमसाठी. चार नेटवर्कचा, तो आपल्या ओळीत राखीव म्हणून मांडायचा, म्हणजे ऑप्शन त्याला हात लावणार नाही. या सगळ्याचा तपशील आणि 'यूएसबी-डिव्हायसेस' या कमांडचं जसंच्या तसं आउटपुट संदेशात घातलं. कोड एक ओळ, संदेश पानभर. या ड्रायव्हरमध्ये हीच रीत आहे. आधी मंजूर झालेले असेच पॅच गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासात वाचले की ती कळते. कुठल्याही प्रकल्पात शिरताना मी आता सगळ्यात आधी हाच इतिहास वाचतो, माहितीपत्रक नंतर.

आमच्याकडे पॉलिटेक्निक करून नुकतीच लागलेली एक मुलगी होती. तिला म्हटलं, बाकीचं तू बघ. कर्नेलचे पॅच आजही ईमेलने जातात, वेबसाइटवर बटण दाबून नाही. चेकपॅच नावाची स्क्रिप्ट मांडणी तपासते, गेट-मेंटेनर नावाची दुसरी कुणाला पाठवायचं ते सांगते, आणि गिट स्वतःच मेल पाठवतं. साधा मजकूर हवा, जोडपत्र नको, टॅबच्या जागी साध्या स्पेस पडता कामा नयेत. हे सगळं तिनं नीट केलं, आणि मग अडलं ते भलतीकडेच. आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर प्रत्येक मेलच्या खाली 'हा मजकूर गोपनीय आहे, इतरांनी वाचू नये' अशी इंग्रजी शेपटी चिकटवतो. जगजाहीर होणाऱ्या पॅचखाली अशी शेपटी असेल तर कर्नेलवाले तो घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. शेपटी काढायला सर्व्हर सांभाळणाऱ्या एजन्सीला सांगितलं, त्यांनी तिकीट नंबर दिला. आम्ही बाहेरच्या खात्यावरून पाठवलं आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत 'फ्रॉम' लिहून कंपनीचा पत्ता दिला. तशी सोय गिटमध्ये आहे.

मग वाट पाहणं. किमान आठवडाभर तरी आठवण करू नये, असं त्यांच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. त्या मुलीला ते जड गेलं. उत्तर आलं तेव्हा तर तिचा चेहराच उतरला. नमस्कार नाही, आभार नाहीत. आमच्या मजकुराच्या मधोमध एक प्रश्न: हा मॉडेम दुसऱ्या मोडमध्ये टाकला तर हेच क्रमांक वेगळ्या भागांसह येतात का?

"चिडलेत का ते?" तिनं विचारलं. चिडलेले नव्हते. रोज ढीगभर पॅच वाचणाऱ्या माणसाचं बोलणं असंच तुटक असतं. आपल्याकडे 'कसे आहात' विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत म्हणून आपल्याला ते लागतं. प्रश्न मात्र मर्मावरचा होता. एकाच क्रमांकाखाली दोन मांडण्या असत्या तर आमची ओळ दुसऱ्या कुणाचं तरी नेटवर्क बंद पाडू शकली असती. मॅन्युअलमध्ये मोड बदलायची एटी कमांड सापडली. ती देऊन पाहिली तर मॉडेम वेगळा क्रमांक घेऊन उठला आणि निव्वळ नेटवर्क कार्ड झाला, त्याला हा ड्रायव्हर लागतच नाही. ते लिहून दुसरी आवृत्ती पाठवली. यात कोडचं अक्षरही बदललं नव्हतं, संदेशात फक्त दोन वाक्यं वाढली होती.

या वेळी उत्तर आलं, 'लागू केला'.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडमध्ये, योगदान द्यायचंय, कुठून सुरुवात करू, असं मुलं विचारतात तेव्हा मला २०२०चा ऑक्टोबर आठवतो. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी कुणाच्याही प्रकल्पाच्या पहिल्या पानावर एखादं विशेषण वाढवून हजारोंनी बदल पाठवले आणि देखभाल करणाऱ्यांना नकोसं करून सोडलं. प्रकल्प निवडून मग काम शोधलं की असं होतं. तुमच्या रोजच्या कामात जे अडतंय ते आधी कुणाच्या कोडमध्ये अडतंय हे शोधा. त्याचा पुरावा तुमच्याकडेच असतो, जगात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

'लागू केला' म्हणजे लगेच आमच्या डब्यात आला असं नव्हे. आधी यूएसबी-सिरीयलच्या शाखेत, तिथून यूएसबीच्या मोठ्या शाखेत, तिथून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मूळ शाखेत. नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते, पण उपकरणाचा नुसता क्रमांक वाढवणारा पॅच मधल्या आरसी, म्हणजे चाचणीच्या, आवृत्त्यांमध्येही घेतात, कारण त्यानं दुसरं काही मोडायची भीती कमी. मूळ शाखेत गेल्यावरच स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांचे सहकारी तो जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये उतरवतात. आमचे डबे अशाच एका जुन्या स्थिर आवृत्तीवर चालतात, म्हणून मला खरी वाट या शेवटच्या पायरीची होती. ती आल्यावर डब्यांना अपडेट दिलं आणि स्क्रिप्ट काढून टाकली. नेटवर्कच्या ड्रायव्हरचा पॅच वेगळ्या लोकांकडे वेगळा पाठवला. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, पण मॉडेम टेबलावरच होता.

सेक्रेटरींना मी हे सांगायचा एकदा प्रयत्न केला. ते म्हणाले, "म्हंजी ह्यो मॉडेम आता अमेरिकेत बी चालंल?" चालेल म्हटलं. "मग तिथल्या डेअऱ्यांस्नी बिल लावा की!"

गेल्या महिन्यात पुरवठादारानं पुन्हा लॉट बदलला, पुन्हा नवा क्रमांक. या वेळचा पॅच त्या मुलीनंच लिहिला, स्वतःच्या नावानं, आणि दादांची सही तिनंच आणली. परवा तिला उत्तर आलं: तिसरा भाग राखीव का ठेवला आहे? सध्या ती ते पोर्ट उघडून त्यावर एटी पाठवत बसली आहे. मेल सर्व्हरचं तिकीट अजून उघडंच आहे.