बारा ते चारची वॉच

२६ सप्टेंबर २०२२. पोलंडच्या ग्डान्स्क बंदरातून आमचं जहाज बाहेर काढून देणारा पायलट उतरायला निघाला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. कॉफीचा कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "उद्या आमची नवी गॅसलाइन सुरू होतेय. नॉर्वेपासून डेन्मार्कमार्गे थेट पोलंडमध्ये. आता रशियाच्या तोंडाकडे बघायला नको." बाल्टिक पाइप तिचं नाव. घरचं कार्य उद्यावर आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

रशिया-युक्रेनचं युद्ध आमच्या जहाजापासूनही लांब नव्हतं. आम्ही कोलंबियाचा कोळसा ग्डान्स्कला उतरवून रिकामे निघालो होतो. पोलंडने रशियाचा कोळसा बंद केला होता, हिवाळा तोंडावर होता आणि तिथले लोक घर तापवायला कोळसा मिळेल का या काळजीत होते. जहाजावर आम्ही बहुतेक भारतीय. चीफ इंजिनियर मात्र युक्रेनमधल्या ओडेसाचे आणि इलेक्ट्रिकल ऑफिसर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. फेब्रुवारीपासून दोघं कामापुरतंच बोलत.

मी सेकंड ऑफिसर. म्हणजे जहाज चालवतात त्या ब्रिजवरची रात्रीची आणि दुपारची बारा ते चारची पाळी, म्हणजे वॉच, माझी, नकाशे माझे आणि जहाज कुठून कसं जाणार याचा आराखडाही माझाच. ग्डान्स्क ते जर्मनीतलं कील हा आराखडा मी दोन दिवस आधीच करून कॅप्टनची सही घेतली होती. हेलचं टोक वळसा घालून पोलंडच्या किनाऱ्याला समांतर पश्चिमेला, मग डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाच्या दक्षिणेकडून पुढे. वाटेत एके ठिकाणी मॅजेंटा रंगाची तुटक रेघ ओलांडायची होती. नकाशावर समुद्रतळाची पाइपलाइन अशीच दाखवतात. त्या रेघेचा खलाशाला एकच अर्थ माहीत असतो: इथे नांगर टाकू नकोस. बॉर्नहोमच्या पूर्वेला आणखी एक सूचना असते, दुसऱ्या महायुद्धानंतर बुडवलेल्या रासायनिक दारूगोळ्याची. तिथेही नांगर टाकायचा नसतो. तळाबद्दल माझा विचार एवढ्यावरच थांबायचा.

रात्री पावणेबाराला ब्रिजवर आलो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नॅव्हटेक्सची, म्हणजे जहाजांसाठीचे इशारे छापणाऱ्या यंत्राची, कागदी पट्टी चाळायची माझी सवय. थर्ड ऑफिसर नवा मुलगा होता आणि संध्याकाळभर मासेमारी बोटींच्या गर्दीत अडकला होता. संदेशावर त्याने सही केली होती, पण तो नकाशावर टाकायचा राहिला होता. संदेश डेन्मार्कचा होता. बॉर्नहोमच्या आग्नेयेला नॉर्ड स्ट्रीम २ मधून, म्हणजे रशियातून जर्मनीला जाणाऱ्या समुद्राखालच्या पाइपलाइनमधून, गॅसगळती, पाच सागरी मैलांच्या परिसरात जहाजांना प्रवेश बंद.

मी ती जागा एक्डिसवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशावर, टाकली आणि पाच मैलांचं वर्तुळ काढलं. आमच्या मार्गाची रेघ त्या वर्तुळातून आरपार जात होती, केंद्रापासून जेमतेम तीन मैलांवरून. याच वेगाने आम्ही तीनच्या आधी त्यात शिरलो असतो.

कॅप्टनना फोन केला. केरळचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. पाच मिनिटांत वर आले, पट्टी दोनदा वाचली आणि विचारलं, "सेकंड, पाण्यातून गॅस वर येत असेल तर जहाजाचं काय होतं?"

हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण मध्यरात्री कॅप्टनने विचारल्यावर पोटात गोळा येतो. जहाज तरंगतं ते पाण्याच्या वजनावर. पाण्यात बुडबुडे मिसळले की पाणी हलकं होतं आणि जहाज नेहमीपेक्षा खोल बसतं. त्याहून मोठी भीती इंजिनाची. थंड करण्यासाठी आपण समुद्राचंच पाणी ओढतो. त्यात गॅस आला की पंप हवा धरतात आणि इंजिन तापतं. हवेतून गॅस इंजिनात शिरला तर त्याचा वेग आवरत नाही. आणि एखादी ठिणगी पडली तर पुढचं बोलायलाच नको. मी भराभर सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "दक्षिणेला वळव. नऊ मैल तरी लांब ठेव."

बारा चाळीसला कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, २६८ अंशांवरून २५५ केला. चीफना उठवलं. ते आणि इलेक्ट्रिकल ऑफिसर दोघंही इंजिनरूममध्ये उतरले. राहत्या भागात हवा खेचणारे पंखे बंद झाले, डेकवर सिगारेट बंद झाली. माझ्यासोबत लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, रत्नागिरीकडचे एक जुने खलाशी होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यांना मी चाचा म्हणायचो. ब्रिजच्या बाजूच्या उघड्या पंखावर उभं राहून ते उत्तरेकडे नाक करून हुंगत होते.

"साब, वास काय येत नाय."

"येणार नाही चाचा. घरच्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम मिसळलेला वास. खालून येणाऱ्या गॅसला वास नसतो."

ते एकदम आत आले आणि दार लावून घेतलं. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता, म्हणून निभावलं. तरी त्या वॉचमध्ये मी वाऱ्याची दिशा जितक्या वेळा पाहिली तितकी त्याआधी कधी पाहिली नसेल.

एक वीसला नॅव्हटेक्स पुन्हा खडखडला. मला वाटलं तोच इशारा पुन्हा आला. पण जागा वेगळी होती: बॉर्नहोमच्या ईशान्येला नॉर्ड स्ट्रीम १, तिथेही गळती, तिथेही पाच मैल. दोन्ही जागांमधलं अंतर मोजलं तर चाळीस मैल भरलं. कॅप्टन खुर्चीत बसले होते. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. एक पाइप गळली तर अपघात म्हणता येतो. दोन वेगवेगळ्या पाइपलाइन, चाळीस मैलांवर, एकाच दिवशी? दोघांच्याही मनात एकच शब्द आला असणार. उच्चारला कुणीच नाही.

तीनच्या सुमाराला ती जागा उजव्या हाताला, नऊ मैलांच्या पलीकडे राहिली. तिकडे मी दुर्बिणीतून पाहत राहिलो. काळं पाणी आणि काळं आभाळ, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी जर्मनीच्या किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज आली आणि डॅनिश हवाई दलाच्या विमानांतून काढलेली दृश्यं दिसली. निळ्या समुद्रात पांढरं, उकळतं वर्तुळ. सर्वांत मोठ्याचा व्यास जवळजवळ एक किलोमीटर. मेसरूममध्ये टीव्हीसमोर सगळे उभेच होते. पहिला स्फोट २६ तारखेच्या पहाटे दोन वाजून तीन मिनिटांनी, दुसरे संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटांनी, भूकंपमापकांवर नोंदले गेले होते. पहाटेचं दोन म्हणजे माझीच वॉच. तेव्हा मी ग्डान्स्कच्या धक्क्यावर, क्रेनचा ग्रॅब शेवटचा कोळसा उचलत असताना माल ठेवायच्या होल्डच्या काठावर उभा होतो. मला काहीही जाणवलं नव्हतं.

मेसमध्ये मग जे झालं ते आठवलं की अजून वाईट वाटतं. इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणाला, हे अमेरिकेचं काम. चीफ म्हणाले, तुझ्याच राष्ट्राध्यक्षाचं. आमच्यातलाच एक जण तिसरं नाव घेऊन मध्ये पडला. आवाज चढले, ताट खाली पडलं. रात्री ज्या दोघांनी एकाच टॉर्चच्या उजेडात पंप तपासले होते, ते जेवण टाकून दोन दारांनी निघून गेले. तासाभरात जहाजावरच्या प्रत्येकाला गुन्हेगार ठाऊक झाला होता, आणि प्रत्येकाचा वेगळा.

कॅप्टननी मला खोलीत बोलावून लॉगबुक उघडायला लावलं. मी लिहिलेल्या ओळी त्यांनी बोट ठेवून वाचल्या. इशारा मिळाल्याची वेळ, कोर्स बदलल्याची वेळ, अंतर, वारा. खाली मी 'संशयास्पद घातपात' असं लिहिलं होतं. "हे तू पाहिलंस?" नाही म्हटलं. "मग रेघ मार आणि सही कर." खोडायचं नसतं, एकच रेघ मारायची असते, म्हणजे काय लिहिलं होतं ते वाचता येतं. तशी मारली.

कीलहून घरी फोन केला. आम्ही उरणचे. मुंबई हायचा गॅस समुद्राखालून जिथे जमिनीवर येतो, त्या प्रकल्पात बाबांचं नोकरीचं आयुष्य गेलं. लहानपणी आमच्या अंगणातून रात्री तिथली ज्योत दिसायची. बाबांना बातमी माहीत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अरे, पोलाद किती जाड आहे ठाऊक आहे का? सत्तावीस ते एक्केचाळीस मिलिमीटर. वर काँक्रीटचा थर. बाराबारा मीटरचे तुकडे जोडलेत, एकेकाचं वजन चोवीस टनांच्या आसपास. पाइप गंजते, जोडाला चीर जाते, कुणाचा नांगर अडकतो, हे सगळं मी पाहिलंय. पण असं एका दिवसात नाही." मग गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "केवढी मेहनत असते रे त्यात." नॉर्ड स्ट्रीम १ बाराशेहून जास्त किलोमीटर, रशियाच्या विबोर्गपासून जर्मनीच्या लुबमिनपर्यंत. गॅस कुणाचा, पैसा कुणाचा, हा वाद बाबांच्या मनात त्या क्षणी नव्हता. ते वेल्डरच्या बाजूने बोलत होते.

पाइपलाइन तेव्हा गॅस पोहोचवत नव्हत्या. नॉर्ड स्ट्रीम १ मधला पुरवठा महिनाभर आधीच थांबला होता आणि २ कधी सुरूच झाली नव्हती. तरी दोन्ही गॅसने भरलेल्या होत्या. नॉर्ड स्ट्रीम २ मधला दाब १०५ बारवरून ७ वर आला. चार ठिकाणी गळती निघाली, दोन्ही पाइपलाइनच्या मिळून चारपैकी तीन नळ्या फुटल्या, एक शाबूत राहिली. पुढे शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तो सुमारे ४ लाख ६५ हजार टन मिथेनचा. पोलंडमधले लोक ज्या हिवाळ्यात कोळसा मोजून जाळत होते, त्याच हिवाळ्याच्या तोंडावर एवढा वायू कुणाचंही घर न तापवता हवेत गेला. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो.

स्वीडनला नोव्हेंबरमध्ये स्फोटकांचे अंश सापडले आणि घातपात हा शब्द अधिकृत झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आधी स्वीडनने आणि मग डेन्मार्कने तपास बंद केला. जर्मनीने चालू ठेवला. रोस्टोकमधून भाड्याने घेतलेली 'अँड्रोमेडा' नावाची शिडाची नौका, तिच्यावर सापडलेले स्फोटकांचे अंश, युक्रेनी नागरिकांवरची वॉरंट, २०२५ मध्ये इटलीतली अटक, पोलंडच्या न्यायालयाने दुसऱ्या एका संशयिताला जर्मनीकडे द्यायला दिलेला नकार. प्रत्येक बातमीला माझ्या फोनवर जुन्या सहकाऱ्यांचे संदेश येतात, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असे. मी उत्तर देत नाही. संशयित आणि दोषी यांच्यामध्ये न्यायालय असतं, आणि मला तेवढं थांबायचं आहे.

आता मी चीफ ऑफिसर आहे. नांगर माझ्या अखत्यारीत येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर ही गॅसलाइन फुटली आणि जवळच तळावर एका मालवाहू जहाजाचा तुटलेला नांगर सापडला. तेव्हापासून बाल्टिकमधून निघताना मी बोसनवर, म्हणजे खलाशांच्या मुकादमावर, सोडत नाही, स्वतः जहाजाच्या टोकाला फोक्सलवर जातो. नांगराची साखळी अडवणारा चेन स्टॉपर बसलाय का, वायरने बांधलेलं लॅशिंग घट्ट आहे का, हाताने ओढून पाहतो. मग दोन्ही नांगरांचा फोटो काढतो, वेळ दिसेल असा, आणि ब्रिजवर येऊन लॉगमध्ये लिहितो. गेल्या खेपेला थंडीने बोटं वळत नव्हती. बोसन म्हणाला, "साब, मी बघितलंय ना सगळं." मी म्हटलं, "मी नाही बघितलं," आणि हातमोजा काढून वायरला हात लावला.